मागणीपत्र : कंपनी सभासदांच्या ताब्यात द्या

प्रति,
मा. सचिव, कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
मा. सचिव, कृषी विभाग, आणि मा. सचिव, आदिवासी विकास विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

द्वारा : मा. जिल्हाधिकारी, पालघर, आणि मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, जव्हार

विषय : जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक मंडळ, वार्षिक सभा, हिशेबतपासणी आणि विलंब शुल्क यांसंबंधीच्या तरतुदी व त्यांची अंमलबजावणी बदलण्याबाबत.

महोदय,

आम्ही या दोन तालुक्यांतल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि सभासद आहोत. आमच्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी आहेत. खाचरात भात, वरकस जमिनीत नागली आणि वरई, उताराला उडीद-खुरासणी, पाणी टिकते तिथे थोडा मोगरा आणि वाडीत काजू-आंबा ही आमची शेती, मोहफूल जंगलातले. मोगरा दादरच्या फूलबाजारात जातो, नागली-वरई बहुधा गावातल्याच व्यापाऱ्याच्या मापावर. माल एकत्र करून विकावा, दलालाला जाणारे पैसे घरात राहावेत, म्हणून आम्ही कंपन्या काढल्या.

या मागणीपत्रात अनुदान वाढवून द्या अशी एकही मागणी नाही, हे आधीच सांगतो. अनुदानाची निवेदने या भागातून पुष्कळ गेली आहेत आणि ती वाचून पाहण्याचीही आता कोणाला गरज वाटत नाही. आमचे म्हणणे कायद्याबद्दल आहे. कंपनी आमच्या नावावर आहे, दंडही आमच्याच नावावर निघतो. कारभार मात्र आमच्या हातात नाही, आणि तो तसा नसण्याला कायद्याची सध्याची घडण बऱ्याच अंशी कारण आहे.

उत्पादक कंपनी ही कल्पना चांगली होती आणि आहे. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीच्या शिफारशींनंतर २००२ च्या दुरुस्तीने १९५६ च्या कंपनी कायद्यात भाग नऊ-ए आला. सहकारातली ‘एका माणसाला एक मत’ ही रीत त्याने राखली आणि कारभारात सरकारी हस्तक्षेप नको म्हणून कंपनीचे रूप दिले. २०२० च्या दुरुस्तीने तोच भाग २०१३ च्या कायद्यात प्रकरण २१-ए म्हणून, कलम ३७८ए ते ३७८झेडयू असा, बसवला. ११ फेब्रुवारी २०२१ पासून तो लागू आहे. दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी काढता येते, मंडळावर किमान पाच आणि जास्तीत जास्त पंधरा संचालक असतात, कोणाचे शेअर कितीही असले तरी मत एकच. इथपर्यंत आमची तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती नोंदणीचे प्रमाणपत्र हातात पडल्यानंतर.

सहकारी सोसायटीचे काम अडले तर तालुका पातळीवरच्या सहायक निबंधकाकडे जाऊन बोलता येते. कंपनीचा निबंधक मुंबईत बसतो, आणि खरे तर तोही भेटत नाही. भेटते ते इंग्रजीतले संकेतस्थळ. १४ जुलै २०२५ पासून ताळेबंदाचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ हे दोन्ही फॉर्म नव्या व्ही-३ प्रणालीवर गेले. लॉगिन, ओटीपी, ईमेल, डिजिटल सही यांतले एकही चुकले तर फॉर्म पुढे सरकत नाही. ज्या पाड्यावर फोनला रेंज मिळवायला टेकाडावर चढावे लागते, तिथल्या संचालकाने हे करावे अशी अपेक्षा आहे. मग हे काम कोण करते? ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो. यातूनच आमची पहिली मागणी येते.

मागणी १. डिजिटल सही, लॉगिन आणि दप्तर सभासदांसमोर संचालकांच्या हाती द्यावे.

केंद्राची १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांची योजना २९ फेब्रुवारी २०२० रोजी चित्रकूट येथे सुरू झाली. तरतूद ६,८६५ कोटी रुपयांची. तिच्यात कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, आणि कंपनी उभी करून देणाऱ्या संस्थेला पाच वर्षांत प्रत्येक कंपनीमागे २५ लाखांपर्यंत. घडवणाऱ्याला घडणाऱ्यापेक्षा जास्त, हा हिशेब आम्हाला कळला नाही, पण तो वाद इथे घालत नाही. या संस्थांत मनापासून राबणारी माणसे आहेत, त्यांच्याशिवाय आमच्यातल्या अनेक कंपन्या उभ्याच राहिल्या नसत्या. प्रश्न त्या निघून गेल्यानंतरचा आहे. संचालकाची डिजिटल सहीची डोंगल सल्लागाराच्या खणात असते, लॉगिनला मोबाईल नंबर त्याचा, ईमेल त्याचा, इतिवृत्ताचे पुस्तक त्याच्या कपाटात. मंडळाची सभा कागदावर दर तीन महिन्यांनी होते, कारण कायदा वर्षाला किमान चार सभा मागतो; पण ती झाल्याचे काही संचालकांना विवरणपत्र भरल्यानंतर समजते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे डिजिटल सहीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी सहीच्या मालकाची आहे. म्हणजे सल्लागाराच्या खणातल्या डोंगलवरून काही वावगे झाले तरी उत्तर द्यायचे नागली पिकवणाऱ्या संचालकाने. आम्ही म्हणतो, जबाबदारी आमचीच राहू द्या, पण मग वस्तूही आमच्याकडे द्या. कंपनी उभी करणाऱ्या संस्थेचा शेवटचा हप्ता सर्वसाधारण सभेत हस्तांतरण झाल्याशिवाय देऊ नये. डोंगल, लॉगिनचे नाव आणि पासवर्ड, कंपनीच्या नावाचा मोबाईल क्रमांक व ईमेल, चेकबुक, सभासद नोंदवही, इतिवृत्त, मागील सर्व विवरणपत्रांच्या पावत्या यांची यादी मराठीत वाचून दाखवावी, दोन महिला सभासदांसह पाच जणांच्या सह्यांनी पंचनामा करावा आणि त्याची प्रत प्रकल्प कार्यालयात ठेवावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत एक परिच्छेद वाढवला की पुरते.

मागणी २. विलंब शुल्काला उलाढालीच्या प्रमाणात कमाल मर्यादा घालावी.

कलम ४०३ खाली वार्षिक विवरण किंवा ताळेबंद उशिरा भरला की दर दिवशी, दर फॉर्मला १०० रुपये जादा शुल्क लागते. १ जुलै २०१८ पासून हा दर आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म म्हणजे दिवसाला २०० रुपये, वर्षाला ७३,०००. ज्या कंपनीने लागोपाठ तीन वर्षांची विवरणे भरलेली नाहीत तिचा हिशेब करून पाहा. पहिल्या वर्षाचे फॉर्म तीन वर्षे उशिरा, म्हणजे २,१९,०००, दुसऱ्याचे १,४६,०००, तिसऱ्याचे ७३,०००. एकूण ४,३८,००० रुपये. आणि वेळेत भरले असते तर? एक ते पाच लाख भागभांडवलाच्या कंपनीला एका फॉर्मचे मूळ शुल्क आहे ३०० रुपये.

दोनतीनशे सभासदांनी प्रत्येकी हजार-पाचशे रुपये काढून जमवलेले भांडवल हे शुल्क एका घासात संपवते. बरे, हे संसदेच्या लक्षात आलेले नाही असेही नाही. २०२० च्या दुरुस्तीने कलम ४४६बी मध्ये एकल व्यक्ती कंपनी, लहान कंपनी आणि स्टार्टअप यांच्या जोडीला उत्पादक कंपनीचे नाव घातले आणि तिला दंड निम्म्यापेक्षा जास्त लावू नये असे ठरवले. पण ती सवलत निर्णयाधिकाऱ्याने ठोठावलेल्या दंडाला आहे. कलम ४०३ चे जादा शुल्क कायद्याच्या भाषेत दंड नसल्यामुळे सवलतीबाहेर राहते, आणि आमच्या कंपन्या बुडतात त्या दंडाने नव्हे, या शुल्कानेच. ज्याला दंड म्हटले आहे तो निम्मा, आणि ज्याला शुल्क म्हटले आहे ते बेहिशेबी, ही विसंगती दूर करावी.

उपाय सरकारच्या दुसऱ्या कायद्यात तयार आहे. वस्तू व सेवा करात २०२१ पासून दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला एका विवरणपत्राचे विलंब शुल्क २,००० रुपयांच्या वर जात नाही. कर बुडण्याची भीती असते तिथे मर्यादा घालता येते, तर जिथे फक्त माहिती उशिरा पोहोचते तिथे का नाही? दीड कोटीपर्यंत उलाढालीच्या उत्पादक कंपनीसाठी एका फॉर्मला एका वर्षाचे कमाल विलंब शुल्क २,००० रुपये ठेवावे. २०१८ ची विलंब माफी योजना आणि २०२० ची ‘फ्रेश स्टार्ट’ योजना यांनी काहींना दिलासा दिला, पण त्यांची बातमी आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर मुदत सरत येते. माफीची वाट पाहत बसणे ही कारभाराची रीत नव्हे. कायमची तरतूद हवी.

मागणी ३. संचालकाला अपात्र ठरवण्यापूर्वी त्याला मराठीत नोटीस आणि भरण्याची एक संधी द्यावी.

तीन वर्षे विवरण भरले नाही की कलम १६४(२) खाली संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. उत्पादक कंपनीच्या प्रकरणातले कलम ३७८क्यू त्याच कारणासाठी त्याची जागाही रिकामी करते. २०१७ मध्ये शेल कंपन्यांवर कारवाई झाली तेव्हा दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. काळा पैसा फिरवणाऱ्यांसाठी ते योग्यच होते. पण एका शिक्क्याखाली सगळे आले की पाचशे रुपयांचा शेअर घेतलेला संचालक आणि कागदी कंपन्यांचे जाळे विणणारा संचालक यांत फरक उरत नाही. ज्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा गावाबाहेरच्या कागदावर सही केली, तिला पाच वर्षे कुठल्याच कंपनीचे संचालक होता येणार नाही हे तिला कळवलेही जात नाही. ईमेल जातो, आणि तो जातो मागणी १ मध्ये सांगितलेल्या खणात.

म्हणून अपात्रतेआधी संचालकाच्या पत्त्यावर टपालाने मराठी नोटीस जावी, तिची प्रत ग्रामपंचायतीत आणि प्रकल्प कार्यालयात लागावी आणि त्या दिवसापासून १८० दिवस विवरण भरण्याची मुदत मिळावी. त्या मुदतीत भरले तर अपात्रता लागू नये.

मागणी ४. लहान उत्पादक कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षणातून सूट द्यावी.

ही बाब ऐकून आमच्यातल्याच काहींचा विश्वास बसला नव्हता, म्हणून कलमांसह सांगतो. कलम १३८ आणि त्याखालच्या नियमांनुसार साध्या खासगी कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षण सक्तीचे होते ते उलाढाल २०० कोटींवर किंवा बँकेचे कर्ज १०० कोटींच्या पुढे गेल्यावर. कलम ३७८झेडएफ प्रमाणे उत्पादक कंपनीला ते पहिल्या दिवसापासून सक्तीचे आहे, तेही सनदी लेखापालाकडूनच. वैधानिक लेखापरीक्षक वेगळा. म्हणजे वर्षाला चार टेम्पो मोगरा आणि थोडी वरई विकणाऱ्या कंपनीला दोन सीए लागतात, आणि मुंबईत १९० कोटींची उलाढाल करणाऱ्या खासगी कंपनीला एक पुरतो. कंपनी सचिवाचेही तसेच. खासगी कंपनीला पूर्णवेळ सचिव लागतो तो भरणा भांडवल १० कोटी झाल्यावर. आम्हाला सरासरी पाच कोटींच्या उलाढालीवर. नाशवंत माल विकणाऱ्याची उलाढाल मोठी दिसते आणि हातात उरते थोडे, हे कायदा करणाऱ्यांना माहीत नसावे असे नाही.

शेतकऱ्याच्या पैशाची जास्त काळजी घ्यावी हा मूळ हेतू असेल तर तो आम्हाला मान्य आहे. पण सीएची फी ही काळजी नव्हे. एक कोटीपर्यंत उलाढालीच्या कंपनीत सीएऐवजी सभासदांनी निवडलेल्या, संचालक मंडळाबाहेरच्या तिघांच्या हिशेब समितीने दर तिमाहीला खरेदीची पावती, वजनाची नोंद आणि बँकेचे पासबुक ताडून पाहावे आणि सभेत वाचून दाखवावे, अशी पर्यायी तरतूद करावी. वजनात काटा मारला गेला असेल तर तो पाड्यावरच्या माणसाला सीएपेक्षा लवकर दिसतो.

मागणी ५. सभा माणसे असतील तिथे आणि तेव्हा घेऊ द्यावी.

कलम ३७८झेडए सांगते की वार्षिक सर्वसाधारण सभा कामकाजाच्या वेळेत, सार्वजनिक सुट्टी नसलेल्या दिवशी, नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते कार्यालय ज्या गावात आहे त्याच गावात घ्यावी. कार्यालय मोखाड्यात असेल तर सभा खोडाळ्याला किंवा सूर्यमाळला घेता येत नाही. मजुरीचा दिवस बुडवू नये म्हणून रविवारी घ्यावी तर तोही चालत नाही. गणपूर्तीला एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश हवेत. पाचशे सभासदांच्या कंपनीत सव्वाशे. एवढी माणसे आडवाटेच्या पाड्यांवरून गाडीभाडे खर्चून मोखाड्याला येत नाहीत. मग हजेरीपत्रक सभेत फिरण्याऐवजी पाड्यांवर फिरते. हे सगळ्यांना ठाऊक आहे. कायदा जे जमण्यासारखे नाही ते मागतो तेव्हा कागद खोटे होतात, आणि खोट्या कागदांची सवय लागलेल्या मंडळाकडून पुढे खऱ्या हिशेबाची अपेक्षा करता येत नाही.

वेळेचेही तेच. कलमात दोन सभांमधले अंतर १५ महिन्यांपेक्षा जास्त नसावे असे आहे. व्यवहारात सर्वसाधारण कंपन्यांची सप्टेंबरअखेरची मुदत आम्हालाही लावली जाते. सप्टेंबरात आमच्याकडे पाऊस आणि ओहोळ असतात. दिवाळी झाली की अर्धे गाव भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि रेतीच्या कामाला जगायला जाते, ते शिमग्याला घरी येते. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने परिपत्रकाने स्पष्ट करावे की उत्पादक कंपनीला ३७८झेडएची १५ महिन्यांची मर्यादाच लागू आहे आणि त्या आत सभेचा हंगाम सभासदांनी नियमावलीत ठरवावा. सभा कार्यक्षेत्रातल्या कोणत्याही गावात आणि रविवारी घेण्यास परवानगी असावी. मोठ्या कंपनीत पाड्यांच्या गटांनी आपापल्या बैठका घेऊन ठराव करावेत आणि त्यांची एकत्र मोजणी व्हावी. व्हिडिओवरच्या सभेचा पर्याय आम्हाला सुचवू नये. रेंजचे वर सांगितलेच आहे.

मागणी ६. उत्पादक असल्याच्या पुराव्यासाठी सातबाऱ्याचा आग्रह सोडावा.

कायद्यात ‘उत्पादक’ म्हणजे प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणतेही काम करणारी व्यक्ती. त्यात वनोपज आहे, फुलशेती आहे, हस्तकलाही आहे. जमीन नावावर असावी असे कुठेही म्हटलेले नाही. प्रत्यक्षात नोंदणीला आणि सभासद वाढवताना सातबारा मागतात, आणि सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असतो. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडणारी, नागली निंदणारी, मोह वेचणारी बाई त्यामुळे सभासद होत नाही. सभासद नाही म्हणून मत नाही, मत नाही म्हणून मंडळावर नाही. वनहक्क कायदा, २००६ चे कलम ४(४) विवाहितांना वनपट्टा दोघांच्या नावे देते. तो कागद सरकारनेच दिलेला आहे. तेव्हा वनहक्काचे अधिकारपत्र, रोजगार हमीचे जॉबकार्ड किंवा ग्रामसभेचा ठराव यांपैकी काहीही पुरावा म्हणून स्वीकारावे, आणि दोघांच्या नावच्या पट्ट्यावर दोघांनाही स्वतंत्र सभासदत्व मिळावे. मंडळावर किमान एक तृतीयांश महिला असाव्यात ही अट आम्ही आमच्या नियमावल्यांत घालण्यास तयार आहोत. शासनाने ती सर्वांना घालावी.

मागणी ७. ग्रामसभेला उत्पादक संस्था म्हणून मान्यता द्यावी.

जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. पेसा कायदा, १९९६ आणि वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. पण कंपनीला मोह विकायचा तर करार कोणाशी करायचा? कलम ३७८ए मधील ‘उत्पादक संस्था’ नोंदणीकृत नसली तरी चालते, मात्र तिचे सर्व सभासद उत्पादक असावे लागतात. ग्रामसभेत तर गावातला प्रत्येक मतदार असतो, शाळेचा शिक्षकसुद्धा. एवढ्या तांत्रिक कारणाने ग्रामसभा कंपनीची भागीदार होऊ शकत नाही, आणि वनोपजाचा धंदा पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात जातो. सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा किंवा तिची व्यवस्थापन समिती ही उत्पादक संस्था मानली जाईल असे स्पष्टीकरण कलम ३७८ए मध्ये घालावे. मोहफुले गोळा करण्यावर आणि साठवण्यावर दशकानुदशके असलेले निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवलेच ना. त्यामानाने हे काम एका पानाचे आहे.

मागणी ८. उरलेल्या बाबी.

बंद पडलेली कंपनी रीतसर मिटवणेही आज परवडत नाही. अर्जाचे शुल्क १०,००० रुपये, आणि त्याआधी धंदा थांबला त्या वर्षापर्यंतची सर्व थकीत विवरणे जादा शुल्कासह भरायची. ज्या उत्पादक कंपनीवर कर्ज नाही तिला १,००० रुपये शुल्कात आणि थकीत जादा शुल्क माफ करून बंद होऊ द्यावे. जुन्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०पीएने १०० कोटींखालील उत्पादक कंपन्यांना दिलेली वजावट २०२४-२५ या आकारणी वर्षापर्यंतच होती. सहकारी संस्थांना मात्र ८०पी खाली वजावट मुदतीशिवाय होती. तीच रीत आम्हालाही लावावी. जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात महिन्यातून दोन दिवस सनदी लेखापाल किंवा कंपनी सचिव बसवावा, मराठीत बोलणारा, आणि त्याची फी विभागाने द्यावी. दोन्ही तालुक्यांतल्या उत्पादक कंपन्यांची नावे, शेवटचे विवरण कधी भरले आणि संचालक कोण, ही यादी त्या कार्यालयाच्या फलकावर दर सहा महिन्यांनी लागावी. ती माहिती आजही सार्वजनिक आहे, फक्त संकेतस्थळावर इंग्रजीत आहे.

मागण्या १, ६ आणि ८ मधील मराठी साहाय्य कक्ष व फलक यांसाठी संसदेत जाण्याची गरज नाही. राज्य शासन आणि जिल्हा प्रशासन मिळून पुढच्या खरिपाआधी त्यांवर निर्णय घेऊ शकते, निदान सूचना पाठवू शकते. मागणी ५ मधील १५ महिन्यांच्या मर्यादेचे स्पष्टीकरण परिपत्रकाने भागते. कलमे बदलावी लागतील ती मुख्यतः २, ३, ४ आणि ७ साठी, आणि ५ मधील सभेचे ठिकाण, दिवस व गटबैठका यांसाठी.

या निवेदनावर ६० दिवसांत लेखी उत्तर मिळावे, आणि ते मराठीत असावे. संविधानाच्या कलम ३५० ने गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत मांडण्याचा हक्क आम्हाला दिलेला आहे. उत्तर त्याच भाषेत मिळावे अशी आमची विनंती आहे. उत्तर आल्यावर ते खोडाळा, मोखाडा आणि जव्हार येथे सभासदांसमोर वाचून दाखवले जाईल. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर प्रत्येक कंपनी आपल्या सर्वसाधारण सभेत या मागण्यांचा स्वतंत्र ठराव करील आणि त्या ठरावांच्या प्रती मंत्रालयाला टपालाने पाठवील.

आपले विश्वासू,
जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालक व सभासदांच्या संघटनेकरिता
मोखाडा, जि. पालघर

सोबत : १) कंपनीनिहाय थकीत विवरणांचा तक्ता २) संचालकांच्या सह्या व अंगठे ३) हस्तांतरण पंचनाम्याचा मराठी नमुना

प्रत माहितीस्तव : कंपनी निबंधक, मुंबई, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, पालघर, तहसीलदार, मोखाडा व जव्हार